स्कॉटलंडचे ‘लॉर्ड रे’ घराणे : वतन गेले, किताब राहिला

मुंबईच्या हार्बर मार्गावर ‘रे रोड’ नावाचे स्थानक आहे. पुण्यातील आजची महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचे नाव ‘रे मार्केट’ होते. ही दोन्ही नावे १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले डोनाल्ड जेम्स मकाय, अकरावे लॉर्ड रे, यांच्यावरून पडली. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हेही त्या वेळी याच इलाख्यात मोडत असल्याने या गव्हर्नरचा अंमल आजच्या सीमाभागावरही होता.

‘रे’ हे त्यांचे आडनाव नव्हते. तो वंशपरंपरागत किताब होता. आडनाव मकाय, मराठीत ते पुष्कळदा ‘मॅके’ असे लिहिले जाते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकावरील मकाय कुळाचे ते प्रमुख होते. मात्र त्यांचा जन्म १८३९ मध्ये हॉलंडमधील हेग शहरात झाला आणि वयाच्या सदतीस-अडतिसाव्या वर्षापर्यंत ते डच नागरिकच होते. ज्या मुलुखाच्या नावाने त्यांच्या पूर्वजांना किताब मिळाला, तो मुलूख त्यांच्या जन्माआधीच घराण्याच्या हातून गेला होता. जमीन गेल्यावरही किताब कसा टिकतो आणि तो परदेशी शाखेकडे कसा जातो, हे या घराण्याच्या इतिहासातून स्पष्ट दिसते.

कुळ आणि मुलूख

‘क्लॅन’ हा शब्द गेलिक भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ ‘मुले’ किंवा ‘संतती’ असा आहे. कुळातील सर्वजण एका मूळ पुरुषाची लेकरे, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात कुळात रक्ताचे नातेवाईक असत, तसेच प्रमुखाच्या आश्रयाला आलेली आणि त्याचे नाव लावणारी इतर घराणीही असत. प्रमुखाने कसायला जमीन आणि संरक्षण द्यावे, कुळातील माणसांनी वेळ पडेल तेव्हा शस्त्र घेऊन त्याच्यामागे उभे राहावे, असा हा संबंध होता. कागदोपत्री जमीन प्रमुखाची असली, तरी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वास्तव्यामुळे तिच्यावर आपलाही हक्क आहे, अशी सामान्य माणसांची दृढ समजूत होती. पुढे ही समजूत कायद्यापुढे टिकली नाही.

मकाय हे नाव ‘मॅक ईह’ म्हणजे ‘ईहचा पुत्र’ या गेलिक नावावरून आले. या कुळाचा मुलूख म्हणजे स्कॉटलंडचा वायव्य आणि उत्तर किनारा, त्यातही स्ट्रॅथनेव्हर हे नेव्हर नदीचे खोरे. पंधराव्या शतकाच्या आरंभी अँगस डू मकाय हा प्रमुख एवढा प्रबळ होता, की तो चार हजार माणसांचा नायक असल्याची नोंद त्या काळच्या इतिहासकाराने केली आहे. पश्चिमेकडील बेटांचा स्वामी डोनाल्ड याच्याशी त्याची आधी लढाई झाली आणि पुढे डोनाल्डच्या बहिणीशी त्याचा विवाह झाला. स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्स याने उत्तरेकडील प्रमुखांना वठणीवर आणण्याची मोहीम काढली, तेव्हा अँगसला आपला मुलगा नील ओलीस म्हणून द्यावा लागला. नीलला समुद्रातील ‘बास रॉक’ या खडकावरील किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले आणि १४३७ मध्ये राजाचा खून झाल्यानंतरच तो सुटला. कुळाच्या इतिहासात तो ‘नील बास’ याच नावाने ओळखला जातो.

या कुळाला शेजारच्या सदरलँडच्या अर्लांशी कायम झुंजावे लागले. दोन घराण्यांत लढाया झाल्या, तसेच सोयरिकीही झाल्या. पहिला लॉर्ड रे झालेला डोनाल्ड मकाय हा आईकडून सदरलँडच्या अर्लाचा नातू होता.

१६२८ चा किताब

डोनाल्ड मकाय याचा जन्म १५९१ चा. त्याच्या काळात युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटले होते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात माणसे होती, पैसा नव्हता. युरोपातील राजांना सैनिक हवे होते. १६२६ मध्ये डोनाल्डने सुमारे ३,६०० माणसांची भरती केली. ‘मकायची पलटण’ या नावाने प्रसिद्ध झालेले हे सैन्य प्रथम डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिश्चनच्या आणि नंतर स्वीडनच्या गुस्ताव्हस अडॉल्फसच्या बाजूने लढले. या पलटणीतील अधिकारी रॉबर्ट मन्रो याने तिच्या मोहिमांचा वृत्तांत लिहून ठेवला आहे.

या सेवेच्या काळातच घराण्याला दोन किताब मिळाले. १६२७ मध्ये राजा पहिला चार्ल्स याने डोनाल्डला ‘नोव्हा स्कोशियाचा बॅरोनेट’ केले. उत्तर अमेरिकेतील स्कॉटिश वसाहतीसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने हा दर्जा निर्माण करण्यात आला होता. बॅरोनेट आपल्या नावामागे ‘सर’ लावतो आणि हा दर्जा वंशपरंपरागत असतो; पण तो उमरावात गणला जात नाही. पुढच्याच वर्षी, म्हणजे १६२८ मध्ये, डोनाल्डला ‘लॉर्ड रे’ हा किताब मिळाला आणि तो स्कॉटलंडच्या उमरावांत दाखल झाला. रे हे उत्तर किनाऱ्यावरील एका गावाचे नाव. उमरावाचा ज्येष्ठ पुत्र वडिलांच्या हयातीत ‘मास्टर ऑफ रे’ म्हणून ओळखला जाई.

किताबाच्या वारशाची अट महत्त्वाची होती. तो पुरुष वारसांकडेच जाणार होता. मुलगी कितीही ज्येष्ठ असली, तरी तिच्याकडे वा तिच्या मुलाकडे तो जाणार नव्हता. प्रमुख शाखा खुंटली तर मागे जाऊन दुसऱ्या शाखेतील पुरुष शोधायचा, हाच नियम. स्कॉटलंडमधील अनेक जुने किताब मुलींकडेही जातात. शेजारच्या सदरलँड घराण्याचा अर्लचा किताब अठराव्या शतकात एलिझाबेथ नावाच्या मुलीकडे गेला. मकाय घराण्यात तसे होणे शक्य नव्हते.

किताब मिळाला, पण पलटणी उभारण्याचा खर्च डोईजड झाला. कर्जापायी डोनाल्डने १६४२ मध्ये स्ट्रॅथनेव्हरची जमीन सदरलँडच्या अर्लाला विकली. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या वैर, त्याच घराण्याकडे कुळाचे मूळ खोरे गेले. उरला तो पश्चिमेकडचा ‘रे मुलूख’ आणि टंग येथील वाडा. इंग्लंड-स्कॉटलंडमधील यादवी युद्धात डोनाल्ड राजाच्या बाजूने राहिला आणि १६४९ मध्ये परदेशातच मरण पावला.

हॉलंडला गेलेली शाखा

पहिल्या लॉर्डचा मुलगा जॉन हा दुसरा लॉर्ड. जॉनच्या मुलांपैकी ईनियस हा डच सैन्यात गेला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हॉलंडच्या सेवेत ‘स्कॉट्स ब्रिगेड’ नावाची सैन्यतुकडी होती. स्कॉटलंडमधील धाकट्या मुलांना, ज्यांच्या वाट्याला जमीन येत नसे, ही नोकरी हा मोठा आधार होता. याच कुळातील स्कौरी शाखेचा ह्यू मकाय हा या तुकडीतून सेनापतिपदापर्यंत पोहोचला. १६८९ मध्ये किलिक्रँकीच्या लढाईत त्याने राजा तिसऱ्या विल्यमच्या सैन्याचे नेतृत्व केले आणि १६९२ मध्ये स्टीनकर्कच्या लढाईत तो कामी आला.

ईनियस ब्रिगेडियर झाला आणि १६९७ मध्ये मरण पावला. त्याचा मुलगा डोनाल्ड हाही डच सेवेतच राहिला आणि १७४५ मध्ये टूर्ने शहराच्या वेढ्यात मारला गेला. पुढच्या पिढ्यांनी डच घराण्यांशी विवाह केले. गेल्डरलँड प्रांतातील ओफेमर्टचा वाडा अशाच संबंधातून या शाखेकडे आला. १७८० च्या दशकाच्या आरंभी डच सरकारने स्कॉट्स ब्रिगेडचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा पुष्कळ स्कॉटिश अधिकारी मायदेशी परतले. मकाय मात्र हॉलंडमध्येच राहिले. १८२२ मध्ये बार्थोल्ड मकाय यांना नेदरलँड्सच्या राजाने ‘बॅरन’ हा डच किताब दिला. एव्हाना हे कुटुंब भाषेने, धर्मसंस्थेने आणि राजनिष्ठेने डच झाले होते. स्कॉटलंडमधील किताबाशी त्यांचा संबंध उरला होता तो केवळ वंशावळीतील एका रेषेपुरता.

मुलूख कसा गेला

इकडे स्कॉटलंडमध्ये प्रमुख शाखा चालू होती. तिसऱ्या लॉर्डने १७१५ आणि १७४५ च्या जॅकोबाइट बंडांत सरकारची बाजू घेतली, त्यामुळे पराभूत पक्षाच्या अनेक प्रमुखांप्रमाणे मकायांची जमीन जप्त झाली नाही. १७९४ मध्ये फ्रान्सशी युद्ध चालू असताना या भागातून ‘रे फेन्सिबल्स’ ही पलटण उभी राहिली आणि १७९८ च्या आयर्लंडमधील उठावाच्या वेळी ती तेथे लढली. प्रमुखाने हाक द्यावी आणि माणसांनी यावे, ही जुनी रीत तेव्हाही शिल्लक होती.

पण जमिनीचे अर्थशास्त्र बदलले होते. मेंढ्यांच्या मोठ्या कुरणांना दक्षिणेकडील व्यापाऱ्यांकडून कुळांच्या खंडापेक्षा कितीतरी अधिक पैसा मिळू लागला. सदरलँडच्या जमीनदारीत आतल्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांना उठवून किनाऱ्यावर बसवण्याची योजना अमलात आली. स्ट्रॅथनेव्हर खोरे १८१४ आणि १८१९ मध्ये रिकामे करण्यात आले. त्यात राहणारे बहुसंख्य लोक मकाय कुळाचे होते. जमीन १६४२ मध्येच विकली गेली असली, तरी माणसे तेथेच होती. घरांची छपरे उतरवली गेली, लाकूड जाळले गेले. या कामातील अधिकारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेसच्या न्यायालयात खटला चालला. तो निर्दोष सुटला. उठवलेल्या लोकांना किनाऱ्यावर तुटपुंजे खडकाळ तुकडे मिळाले. तेथे शेतीवर भागेना म्हणून मासेमारी शिकावी लागली, आणि पुष्कळांनी अखेर परदेशची वाट धरली.

या विस्थापनाचा हुकूम लॉर्ड रे यांचा नव्हता. पण कुळप्रमुख या नात्याने ते काही करू शकले नाहीत, कारण त्या जमिनीवर त्यांचा हक्क राहिला नव्हता. पुढे उरलेला रे मुलूखही गेला. सातवे लॉर्ड एरिक यांनी तो १८२९ मध्ये सदरलँड घराण्याला तीन लाख पौंडांना विकला. पहिल्या लॉर्डला किताब मिळाल्यापासून दोनशे एक वर्षांनी मकाय प्रमुखांकडे त्या मुलुखातील वडिलार्जित जमीनदारी उरली नाही. किताबावर मात्र याचा काहीच परिणाम झाला नाही. महाराष्ट्रात देशमुखीचा मान आणि वतनाचे उत्पन्न सहसा एकत्र चालत. ब्रिटिश उमरावाचा किताब मात्र जमिनीपासून कायद्याने वेगळा झालेला होता. जमीन विकता येत होती. किताब विकता येत नव्हता, दान करता येत नव्हता आणि मृत्युपत्राने कोणाला देताही येत नव्हता.

१८७५ : वारसाचा शोध

सातव्या लॉर्डनंतर त्यांचे बंधू अलेक्झांडर आठवे लॉर्ड झाले. त्यांचे पुत्र एरिक, नववे लॉर्ड, १८७५ मध्ये अविवाहित वारले. आता अनेक पिढ्या मागे जावे लागले. दुसऱ्या लॉर्डच्या त्या डच सेवेत गेलेल्या मुलाची शाखा पुढे आली आणि सुमारे दोन शतके हॉलंडमध्ये राहिलेल्या कुटुंबाकडे किताब गेला. दहावे लॉर्ड झालेले ईनियस मकाय हे त्या वेळी नेदरलँड्सच्या राज्यपरिषदेचे उपाध्यक्ष होते. वर्षभरातच, १८७६ मध्ये, त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच १८७५ साली बडोद्यात गायकवाड गादीसाठी वारस शोधला जात होता. तेथेही दूरच्या शाखेपर्यंत जावे लागले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावांना जमनाबाईंनी दत्तक घेऊन सयाजीराव केले. दोन्ही ठिकाणी दूरच्या भाऊबंदांतून वारस आला. पण रीत वेगळी होती. आपल्याकडे दत्तकविधानाने वारस ‘निवडता’ येत होता. ब्रिटिश उमरावाच्या किताबाला दत्तक मान्य नाही. तेथे वारस वंशावळीत आधीच ठरलेला असतो. तो केवळ शोधून सिद्ध करावा लागतो, मग तो कोणत्याही देशाचा नागरिक असो.

अकरावे लॉर्ड आणि मुंबई

दहाव्या लॉर्डचे पुत्र डोनाल्ड जेम्स यांनी डच संसदेच्या द्वितीय सभागृहात काम केले होते. किताब आल्यावर त्यांनी ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा निर्णय घेतला आणि १८७७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. तरीही ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळाला नाही. १७०७ च्या एकीकरणाच्या करारानुसार स्कॉटलंडच्या सर्व उमरावांना तेथे जागा नव्हती. ते आपल्यातून सोळा प्रतिनिधी निवडत. म्हणून १८८१ मध्ये ग्लॅडस्टन यांच्या सरकारच्या शिफारशीवरून त्यांना ‘बॅरन रे ऑफ डर्नेस’ हा संयुक्त राज्याचा स्वतंत्र किताब देण्यात आला. यापुढे एकाच व्यक्तीकडे तीन वेगळ्या कायद्यांखालील मान होते : स्कॉटलंडचा लॉर्ड आणि बॅरोनेट, संयुक्त राज्याचा बॅरन, आणि घराण्याचा डच बॅरन.

१८८५ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तीच आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. मुंबई महापालिकेच्या कारभाराचा पाया ठरलेला १८८८ चा कायदाही याच काळातील. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र क्रॉफर्ड यांचे. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले आणि लॉर्ड रे यांच्या सरकारने १८८८ मध्ये चौकशी लावली. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिले होते. पण लाच दिल्याची कबुली देणारे हेच मामलेदार पुढे अडचणीत आले, तेव्हा टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. एका वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याची उघड चौकशी करण्याची तयारी गव्हर्नरने दाखवली, याची त्या काळी मोठी चर्चा झाली.

याच सुमारास घराण्याच्या डच बाजूलाही मोठे पद आले. लॉर्ड रे यांचे सख्खे चुलत बंधू ईनियस मकाय हे १८८८ ते १८९१ या काळात नेदरलँड्सचे पंतप्रधान होते. म्हणजे सुमारे दोन वर्षे एक भाऊ हेगमध्ये सरकार चालवत होता आणि दुसरा मुंबईत.

भारतातून परतल्यावर लॉर्ड रे काही काळ भारतमंत्र्यांच्या खात्यात उपमंत्री होते. १८९३ पासून अखेरपर्यंत ते रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १९०२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अकादमीचे पहिले अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. १८८८ मध्ये ग्लासगो येथे मकाय कुळाची संस्था स्थापन झाली. तिनेही त्यांनाच प्रमुख मानले. स्ट्रॅथनेव्हरमध्ये एक एकरही नसलेला, हॉलंडमध्ये वाढलेला माणूस कुळप्रमुख म्हणून स्वीकारला गेला, कारण कुळाजवळ एकत्र येण्यासाठी आता नाव आणि वंशावळ एवढेच उरले होते.

पुढची परंपरा

लॉर्ड रे यांना अपत्य नव्हते. १ ऑगस्ट १९२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा किताबांच्या वाटा फुटल्या. १८८१ चा ‘बॅरन रे ऑफ डर्नेस’ हा किताब त्यांच्या स्वतःच्या वंशजांपुरता असल्याने संपला. १६२८ चा स्कॉटिश किताब आणि १६२७ चे बॅरोनेटपद मात्र पुन्हा हॉलंडमधील भाऊबंदांकडे गेले. बारावे लॉर्ड एरिक हेही त्याच वर्षी वारले. त्यांच्यानंतरचे तेरावे लॉर्ड ईनियस यांनी १९३८ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतले. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने स्कॉटलंडच्या सर्व उमरावांना लॉर्ड्स सभागृहात बसण्याचा हक्क मिळाला आणि सोळा प्रतिनिधींची पद्धत संपली.

चौदावे लॉर्ड ह्यू मकाय हे १९७३ ते १९७९ या काळात युरोपीय संसदेचे सदस्य होते. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांचा सभागृहातील हक्क रद्द झाला. तरी मागे ठेवलेल्या ९२ जणांत त्यांची निवड झाली. २०१३ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ईनियस सायमन मकाय हे पंधरावे लॉर्ड आणि कुळप्रमुख झाले.

स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात आज उठवलेल्या गावांच्या भिंतींचे अवशेष दिसतात. बेटीहिल येथील फार गावच्या जुन्या चर्चमध्ये स्ट्रॅथनेव्हर संग्रहालय असून तेथे विस्थापनाचा आणि मकाय कुळाचा इतिहास एकत्र मांडलेला आहे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे पसरलेले मकाय वंशज आपल्या पूर्वजांचे गाव पाहायला येथे येतात.

आपल्याकडे ‘रे’ हे नाव मुंबईच्या स्थानकावर अजून आहे. पुण्यात मात्र ते राहिले नाही. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेले जोतीराव फुले यांनी या मंडईवर होणाऱ्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. मंडई तरीही बांधली गेली आणि तिला गव्हर्नरांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड रे यांचे नाव वंशावळीच्या आधारावर टिकले. पुण्यातील वास्तूचे नाव लोकांनी निवडून बदलले.